तिले थांब म्हणू का जाऊ देऊ

नाही माय, मी जळत-बिळत नाही कोणावर. कायले जळू? मायं काय कमी हाय? दोन वेळचं खातो, वावराकडं एक चक्कर मारतो, गुडघे दुखतात पण चालतात. सकाय शेजारीण आली होती दही मागाले. तिले मोबाइलातला फोटू दाखवला, पोरीनं तिकडच्या नाताळाचा धाडला तो. शेजारीण एवढंच म्हणे, "पोरगी मजेत दिसते वं." अन् मी तिले काय म्हटलं? "मंग! मी काय जळतो काय?" ती पाहतच राह्यली मायाकडं. दही घेतलं अन् गेली. आता तूच सांग, कोणी काही इचारलं नसताना मले हे बोलाची काय गरज होती? तवापासून डोकं फिरलं हाय. म्हून नातवाच्या वहीतले कागद फाडले अन् बसली लिव्हाले. चौथी शिकली मी, तेही तुयाच जिद्दीनं. चुकलं तं चुकलं. तू कुठं वाचणार हाय, तुले जितेपणी अक्षर येत नोतं.

फोटूत काय हाय ते सांगतो. मधात माई धाकटी पोरगी बसली, डोक्यावर कागदाचा मुकुट. बाजूले एक म्हातारी, केरळची. तिच्या मांडीवर माई नात, लाल टोपी घालून. मागं दहा-बारा लोकं दात काढून उभे. सारे आपापलं गाव सोडून तिथं नोकरीले गेलेले. नातीचा हात कुठं हाय ते मी बोटानं फोटू मोठा करून पाह्यलं. म्हातारीच्या गयात हाय. असो. त्याचं नाही लिव्हत मी. लिव्हत हाय ते दुसऱ्याच कारणानं. पोरगी पुन्हा पोटुशी हाय. "आई, तू येशीन न?" म्हणे. म्हटलं, येतो. मंग म्हणे, "अम्मच्ची आता कायमची गावाले चालली. नवं वर्स लागलं का जाणार होती. पण ती म्हणे, तुई आई म्हणन तं बाळंतपण होवस्तोर थांबतो. आईले इचार म्हणे." अम्मच्ची म्हंजे तीच म्हातारी. तिच्या भाषेत मायले तसं म्हणतात का आजीले, मी काही खोदून इचारलं नाही. तवापासून पोरगी रोज फोन करते अन् मी रोज पाण्यापावसाचं बोलतो. जबाब देल्ला नाही. तिले थांब म्हणू का जाऊ देऊ, एवढं एक सांगाचं हाय, अन् ते मायाच्यानं होऊन नाही राह्यलं.

तुले ही पोरगी आठवत असन. तुया मांडीवर खेळली, पण शायेत जायाच्या आधीच तू गेली, म्हून तिले तू आठवत नाही. अकोल्याले नर्सचं शिकली, लग्न झालं, अन् दोघं नवरा-बायको आयर्लंडले गेले. ते कुठं हाय मले इचारू नको. गोऱ्याइचा देश हाय, अन् बारा महिने झड लागल्यावानी पाणी. ती तिथं दवाखान्यात हाय, जवाई एका मोठ्या गोडावनात. पहिली खेप राह्यली तवा मी म्हटलं, बाळंतपण मायच्या घरी होते, चाल आपल्या घरी, रिठदले. तू मले तिन्ही खेपा धनजले, तुया घरी नेलं. लोकं म्हणत, आता तिसऱ्या खेपेले कोण नेते? तरी बाबा सोता येत, एसटीत मले खिडकीजवय बसवत अन् साऱ्या रस्त्यानं डायव्हरले म्हणत, हळू घे बाबा, हळू घे. पण हिच्या डाक्टरनं विमानाले नाही म्हटलं. मंग म्हटलं, पोरगी मायकडं येत नाही तं माय पोरीकडं जाते, त्यात काय! मी जऊळक्याच्या ठेसनावरून अकोल्यापर्यंत गेलेली बाई. पण गेली न. कागदपत्र काढाले पोरानं लय चकरा मारल्या. कागद लवकर आले नाही, पोट्टी मातर लवकर आली. मी विमानात बसली तवा ती जन्मून आठवडा होऊन गेला होता.

संगं काय काय नेलं होतं! डिंक, खारका, गोडंबी, मेथ्या, ओवा, शेपा. अन् बाळंतिणीच्या शेकाले चार चांगल्या वायलेल्या गोवऱ्या, पेपरात गुंडाळून. तिकडच्या विमानतळावर एका गोऱ्या पोरानं पेटी उघडली. हातमोजे घालून त्यानं ती गोवरी अशी उचलली जसा का बॉम्बच हाय. मायाशेजारी एक पंजाबी बाई उभी होती, तिनं मले हिंदीत इचारलं, "माताजी, ये क्या है?" म्हटलं, "गाय का है, आदमी का नहीं." तिनं त्याले काय सांगितलं देव जाणे, त्याचे कान लाल झाले. गोवऱ्या ठेवून घेतल्या. घे म्हटलं बाबा, तुया बायकोले कामी येतीन.

घरात पाय ठेवला तं न्हाणीतून पाण्याचा आवाज, अन् लेकराचा आवाज नाही. लहान लेकरू आंघोळीले रडत नाही असं कधी झालं काय? मी चपला न काढता आत गेली. पाहतो तं एक म्हातारी, मायाच वयाची, लुगड्यावर स्वेटर, पायात मोजे, ते मोजेही भिजलेले. फरशीवर पाय लांब करून बसली. पायावर माई नात पालथी. अन् पाणी कसं टाकते तं हाताच्या आडोशानं, पाठीवर, घडीघडी कोमट करून. बगलंतलं, मांडीच्या वयीतलं, काही सोडलं नाही. नाक साफ केलं, टाळूवर तेल जिरवलं. तू करे तसंच. मी म्हटलं, खोबऱ्याचं तेल! एवढ्या थंडीत! सापडली चूक. तं पोरगी मागून म्हणे, "आई, ते पाला-मुया टाकून उकळलेलं हाय, तिनं गावाहून आणलं." माय, ती चुकत असती तं बरं झालं असतं. बाजूले सर म्हटलं असतं अन् बसली असती मी. चुकतच नोती. आपलं काम दुसरीनं वाईट केलं तं राग येते, पण तो गियता येते. चांगलं केलं तं काय करावं, हे तू मले शिकवलं नाही.

मंग रोजचंच झालं ते. ती खालच्या मजल्यावर राहे. तिची पोरगी माया पोरीसंगं दवाखान्यात. सकाय झाली का जिन्यावर तिचे पाय वाजत अन् हातात झाकण लावलेला गंज. त्यात पातय पेज, नाही तं काया काढा. पोरगी तो काढा नाक दाबून सारा पिऊन घे. मायावाला लाडू मातर अर्धा खाल्ला अन् म्हणे, "आई, डाक्टर म्हणते गोड कमी कर." काढ्याले डाक्टर नाही, लाडवाले डाक्टर! अन् बोलाची पंचाईत. ती तिचं मल्याळी बोले, मी मायं बोलो, पोरगी मधात इंग्रजीत.

"तिले म्हण, पोट्टीले इतकं उंच धरू नको."

पोरगी तिले काहीतरी म्हणे. म्हातारी हसे अन् मायाकडं पाहून लांबलचक काहीतरी बोले.

"काय म्हणे?"

"म्हणे, तुमचं लुगडं लय चांगलं हाय."

"मी लुगड्याचं इचारलं काय तिले?"

"आई, हळू बोल न."

"तिले कुठं समजते?"

"आवाज तं समजते न, आई."

तिकडं चार वाजताच अंधार पडे. पोरगी अन् लेकरू निजत, जवाई कामावर, अन् मी खिडकीजवय बसून बाहेरचं पाणी पाहो. तवा मले धनजचं तुयं रांधणघर दिसे. मी बाजेवर पडली हाय, डोकं-कान बांधलेले, बाजेखाली शेगडी, ओव्याचा धूर डोयात चालला. तू चुलीपुढं भाकरी थापून राह्यली. ही धाकटी मायाजवय, मुठीएवढी. तेवढ्यात माई सासू येते रिठदहून, झबलं-टोपडं घेऊन. लेकराले उचलते, उजेडाले नेते अन् म्हणते, "नाक आमच्याकडचं हाय." तू भाकर उलटता उलटता म्हणतं, "अजून नाकाचा पत्ता नाही इहीणबाई, कुठलं तुमच्याकडचं!" ती तिच्या हातानं टोपडं घालते, चहा पिते, जाते. ती फाटकाबाहेर पडली नाही तं तू पिठाच्या हातानंच येतं अन् ते टोपडं काढून टाकतं. "टोचते लेकराले," म्हणतं. अन् तुयावालं घालतं, जुन्या धोतराचं. मी पाहून राह्यली तं मलेच खेकसतं, "काय पाहतं टक लावून? बाळंतिणीनं असं पाहू नये, डोये जातात." ते टोपडं मऊ होतं माय. मी हात लावून पाह्यलं होतं.

म्हून तुलेच लिव्हतो हे. तुले मालूम हाय हे कसं असते. पण तुयं अन् मायं एक नाही. तुले सव्वा महिना भेटला. तुया घरात, तुया चुलीजवय, तुया बाजेवर तुई पोरगी. सासू आली तं घटकाभर आली, गेल्यावर टोपडं काढता आलं. अन् मी? पोरीच्या घरी मीच पाव्हणी. मीच टोपडं घेऊन आलेली अन् मीच जाणारी. तुयाच नशिबी तेवढं कसं आलं, असं मले त्या खिडकीत बसून लय वाटलं. मेलेल्या मायचा हेवा कोणी करते काय? पण मी केला. आता लिव्हलंच हाय तं राहू दे.

मंग नाताळ आला. तिच्या खिडकीत कागदाची मोठी चांदणी लटकवली होती, आतून दिवा. मले वाटलं दिवायीचा कंदील काढाचाच राह्यला हिचा. पोरगी म्हणे, "आई, तिची दिवायी आता हाय." दुपारी साऱ्याइले तिच्या घरी जेवण. तिकडं सुटीचा दिवस म्हंजे सारं बंद. एसटी नाही, दुकान नाही, रस्त्यावर कुत्रं नाही. ज्याचं घर हाय तो घरात, ज्याचं नाही तो तिच्याकडं. एक पंजाबी जोडपं, एक तेलगू पोरगा, फिलिपीन का काय त्या देशाच्या दोन नर्सा, एक कोल्हापूरकडचे नवरा-बायको, अन् तिच्या गावाकडचे लय लोकं. खोली आपल्या ओसरीएवढी. कोणी खाली बसलं, कोणी जिन्यावर. सारे हसत, गात, अन् मधातच एकेकजण मोबाइल घेऊन न्हाणीत जाई. बाहेर आला का डोये लाल. मंग म्हातारी त्याच्या हातात वाटी दे, पाठीवर एक थाप दे. तो तेलगू पोरगा तं तिच्या पायाजवयच बसून राह्यला, मांजरावानी. कोल्हापूरवाली मले म्हणे, "इथं आमची सगळ्यांची आई हीच बघा, मावशी." म्हटलं, बरं हाय. एवढ्या खोलीत खरी माय मी एकटी, अन् मी मावशी!

जेवणाचं काय सांगू. मटण होतं, बदक होतं, मी माळकरी बाई. मनात म्हटलं, आता मले उपाशी ठेवते ही, अन् बरंच झालं, सांगाले तरी होईन. तं तिनं मायासाठी येगया गंजात रस्सा केला होता, आलू-गाजराचा, नारळाचं दूध टाकून. संगं पांढरे जाळीदार घावन. केकही येगळा, बिनअंड्याचा. कापला तवा साऱ्याइले एकेक घास सोताच्या हातानं भरवला. फिरत फिरत मायापुढं आली अन् घास धरला. सारे पाहून राह्यले होते. मी तोंड उघडलं. काय करू? चांगला होता. तोही चांगला होता!

तोंड धुवाले उठली तं कोपऱ्यात तिनं देखावा केला होता तो दिसला. लहानसा गोठा, कुटारावानी गवत, मातीच्या गाई, मेंढ्या. मधात लेकरू. पोरीले इचारलं, हे काय? ती म्हणे, त्याइच्या देवाचा जन्म गोठ्यात झाला, ती त्याची माय, तो बाप. मी खाली वाकून नीट पाह्यलं. लेकरू उघडं, अंगावर एवढीशी चिंधी. नवरा काठी घेऊन उभा, जसा का गुरं वयाले आला. अन् ती माय, ओली बाळंतीण, बसली कशी तं गुडघ्यावर! डोक्यावर पदर हाय, पण सैल. कान उघडे, गया उघडा. अन् दिवस कोणते तं पूस महिन्याच्या थंडीचे. माय, मले इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. इतक्या दिवसाची मी शोधून राह्यली होती, शेवटी सापडली चूक. साऱ्या बिल्डिंगीच्या बाळंतिणी सांभायते अन् सोताच्या घरातलीचे कान उघडे! मी कमरंचा रुमाल काढला, पांढरा, मऊ. दातानं फाडून त्याची एक पट्टी काढली अन् त्या बाळंतिणीचं डोकं-कान बांधून टाकलं, कानावर गाठ. उरलेला रुमाल लेकरावर पांघरला, गयापर्यंत.

मागं वळली तं सारे हातातल्या वाट्या तशाच धरून थांबलेले. गाणंही बंद. जवाई खाली मान घालून उभे. पोरगी दात-ओठ खाऊन म्हणे, "आई, अगं तो देव हाय त्याइचा!"

म्हटलं, "देव असन. ही तं बाळंतीण हाय न?"

"काढ ते पहिले."

"नाही काढत. वारं लागलं का मंग जनमभर डोकं दुखते. मले नको सांगू."

म्हातारी भिंतीले धरून धरून आली. खाली बसली, तिलेही गुडघ्याचा त्रास. पाह्यलं. लय वेय पाह्यलं. मले वाटलं आता रागावते, अन् रागावली तं मी दोन जास्त बोलणार होती, तयारच होती. तिनं हात घातला, गाठ सोडली. म्हटलं, काढते. तं तिनं ती पट्टी काढली नाही. नीट पसरली, कान पुन्हा झाकले, अन् गाठ मानेमागं नेऊन बांधली. अन् मायाकडं पाहून मान हलवली. अशी. जसं का, असं बांधतात, समजलं?

मागं गाठ! म्हटलं, "अवं बाई, मागं गाठ बांधली अन् बाळंतीण आडवी झाली का टोचन न ते!" मी पुन्हा सोडली, कानावर आणली. तिनं मायं मनगट धरलं, काहीतरी बोलली, पुन्हा मागं. मी पुन्हा पुढं. तिच्या बोटात जोर लय, पण मीही कापूस येचलेली बाई हाय. ती मूर्ती मधात आडवी-उभी होऊन राह्यली.

पोरगी म्हणे, "आई, पण ती तं बसलेली हाय. टोचन कशाले?"

म्हटलं, "आज बसली हाय. उद्या निजन का नाही?"

पोरीनं ते इंग्रजीत सांगितलं अन् म्हातारी थांबली. इचार केला. मंग तिनं हात काढून घेतला अन् "हां" म्हणे. "हां" मले समजलं. सारी खोली हसाले लागली. पंजाब्यानं टाळ्या वाजवल्या. अन् माई पोरगी, लेकरू झाल्यापासून मी तिले हसताना पाह्यलं नोतं, ती अशी हसली, पोटाचे टाके धरून हसली, डोयाले पाणी आलं. हसता हसता तिचं डोकं कलंडलं अन् पडलं त्या म्हातारीच्या खांद्यावर. ती जवय होती म्हून. मी गोठ्याच्या पलीकडल्या बाजूले होती, जवय ती होती, म्हून तिकडं पडलं, दुसरं काही नाही. हे मी सोताले किती खेपा सांगितलं असन. जिंकली मी होती माय, गाठ मायावाली राह्यली होती, अन् डोकं तिच्या खांद्यावर.

त्याले आता दोन वर्स झाले. मी परत आली, पोरीले फोनवर पाहतो, नातीले फोनवर पाहतो. नात मले "आजी" म्हणते, पोरगी मागून शिकवते तवा. त्या म्हातारीले ती न शिकवता हाका मारते. फोन चालू असताना दार वाजलं का मोबाइल टाकून पयते. मले मंग छत दिसते त्याइच्या घराचं. किती वेय मी ते छत पाह्यलं असन. पोरगी म्हणते, "आई, लहान हाय ती, मनाले लावून घेऊ नको." म्हटलं, मी कायले लावून घेऊ?

अन् आता ती चालली अन् थांबू का म्हून मले इचारते. सोपं हाय माय. "जाऊ दे" म्हणाचं. तिचं घर हाय, तिचे लोकं वाट पाहून राह्यले असतीन, कोणी मले वाईट म्हणणार नाही. मंग मी अन् माई पोरगी, तो सव्वा महिना, सारा मायावाला. तुले भेटला तसा. मायाच हातचं पाणी, मायाच हातचं तेल, जिन्यावर कोणाचे पाय नाही. पाच-सहा दिवस मी हेच डोयापुढं आणून पाह्यलं. अन् दर खेपेले त्यात पोरगी मले दिसते ते दाराकडं पाहताना. अन् राग एका गोष्टीचा येते. इचारलं काहून तिनं? न इचारता थांबली असती तं मी भांडली असती, जनमभर बोलाले झालं असतं. इचारून तिनं माया हातातलं भांडणच काढून घेतलं.

इथवर लिव्हलं अन् मघाशी मधातच उठली. सून वावरात गेली होती, घरात कोणी नोतं, तवा मीच फोन लावला.

म्हटलं, "तिले म्हण थांब."

"कोणाले?"

"अजून कोणाले? तिले. म्हण, बाळंतपण होवस्तोर थांब. तू दवाखान्यात असशीन तं नातीले कोण पाह्यन? मी एकटी कुठं कुठं पुरू?"

"खरंच आई?"

"खरंच नाही तं काय खोटं? फोनचं बिल वाढवू नको."

तिकडून काही आवाज नाही. मले वाटलं रेंज गेली. हॅलो हॅलो केलं. तं पोरगी रडून राह्यली होती. हुंदके देऊन, लहानपणी देई तशी. बोलताच येऊन नोतं राह्यलं तिले.

हे कागद कुठं धाडाचे नाही, तुया पत्ता कोणाजवय हाय? एवढं तुलेच म्हून सांगतो. मी येतो म्हटलं होतं तवा पोरगी रडली नोती. तवा म्हणे, "बरं आई, येताना स्वेटर आणजो." ती थांबते म्हटलं तवा रडली. काहून रडली ते मी इचारलं नाही. तूही मले इचारू नको. याच्यापुढं मी काही सांगत नाही.